सांध्याचा रंग

अहो, उचलून नका बघू. हां, हेच — एका बोटावर तोलायची आणि भुवया वर करायच्या. सगळे हेच करतात, डॉक्टर. दुकानात पाय टाकला की आधी फ्रेम उचलायची, जसं काही ती खांद्यावर मारूनच घरी जायचंय. अहो, सायकल खाली, आपण वर — इतकी सोपी वाटणी आहे, पण लोकांना वजनाशिवाय दुसरं काही विचारताच येत नाही. तुम्हीच आत्ता म्हणालात ना — रविवारी सकाळी, तळ्याच्या रस्त्याने, वीस-पंचवीस किलोमीटर, मध्ये एकदा थांबून चहा. शर्यत नाही, घड्याळ नाही, नुसती मजा. मग दोनशे ग्रॅम कमी झाले काय आणि वाढले काय, कळणार आहे कुणाला? तुमच्या खिशातला तो किल्ल्यांचा जुडगाच तेवढा भरेल. पोटाबद्दल मी बोलत नाही. पोट तुमचं आहे.

ती अडकवा परत खुंटीला. आणि ती सोडून बोला. का म्हणजे — विकायची नाही असं नाही, विकायचीच आहे, बाबांनी बनवलीय ती विकायलाच, पण तुमच्यासाठी नाही ती. सांगते ना. आधी मला सांगा, टायटॅनियमच का? रोज लोकांच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवता म्हणून? वा. हे कारण आजवर कुणी दिलं नव्हतं. म्हणजे जे पेशंटच्या दाढेखाली चालतं ते डॉक्टरांच्या बुडाखाली चालायलाच हवं. नाही, हसत नाहीये मी. हसत असले तरी मनापासून नाही. निदान तुम्ही तो धातू हातात तरी घेतलाय. बाकीचे येतात ते ग्रुपमधल्या कुणीतरी घेतली म्हणून, नाहीतर कुठलातरी व्हिडिओ बघून, आणि मला सांगतात, म्हणे टायटॅनियम रस्त्याचे हादरे पिऊन टाकतं. पिऊन टाकतं. मग टायरमध्ये हवा दगडासारखी ठासून भरतात आणि पाठ धरून परत येतात. हादरे टायर पितो हो. बत्तीस मिलिमीटरचा रुंद टायर घ्या, हवा थोडी कमी ठेवा, झालं — अर्धं टायटॅनियम तिथंच मिळालं तुम्हाला. पण टायरचा फोटो कोण काढणार?

खरं कारण एकच आहे — गंजत नाही, रंग लागत नाही, आणि नीट बनवलेली असेल तर तुमच्यानंतरही कुणीतरी चालवेल. नीट बनवलेली असेल तर. हे चार शब्द कुठल्याच जाहिरातीत नसतात.

इकडे या, भिंतीला टेकून उभे राहा. बूट काढा. हे पुस्तक घ्या, आणि पायांमध्ये धरा — लाजू नका, सगळे धरतात, परवा एक वकील धरून उभे होते, मागं त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. वर ओढा. अजून वर. सीटवर बसल्यावर जितकं टोचेल तितकं. हां. पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर ही पेन्सिलची खूण केली — झालं. पायाचं माप हे असं घेतात, उंची विचारून नाही. मोठ्या दुकानांत काय विचारतात? उंची किती, आणि शर्ट काढून दिल्यासारखी फ्रेम काढून देतात, मीडियम, लार्ज. आता हात पुढे करा. वाका. वाका म्हटलं, नमस्कार नाही करायचाय. एवढंच? दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघता आणि इथं एवढंच? बरोबर आहे, म्हणूनच एवढंच. मान दुखते ना? दुखतेच.

म्हणजे बघा, तुम्हाला समोरून उंच फ्रेम हवी. हँडल जिथं बसतं ती पुढची उभी नळी लांब हवी, म्हणजे हँडल वर येतं आणि मान ताठ राहते. सीटपासून हँडलचं अंतर बेताचं. दोन चाकांमधलं अंतर थोडं जास्त, म्हणजे उतारावर सायकल भेदरल्यासारखी करत नाही. रुंद टायरला जागा, मडगार्ड लावायला भोकं. शर्यतवाले हसतील, हसू द्या, ते चाळिशीत कंबर धरून माझ्याकडेच येतात हँडल वर करायला — तोंड लपवून येतात, ग्रुपला सांगू नकोस म्हणतात. अख्खं गणित एवढंच आहे. घराच्या पायरीला जेवढा विचार करतो तेवढाच इथं करायचा, पण तेवढाही कुणी करत नाही.

हो. माहितीये मला. भिंतीवरच्या त्या फ्रेमचं माप तुम्हाला अगदी हेच बसतं. मला न विचारता तुम्ही ताडलंत, हुशार आहात. तरी नको. मी तुम्हाला स्टीलची दाखवते, ती आतल्या खोलीतली, हिरवी — स्टीलला नावं ठेवायची फॅशन आहे हल्ली, पण तळ्याच्या रस्त्याला स्टील पुरून उरतं. नाहीतर दुसऱ्या कारागिराचा पत्ता देते, टायटॅनियमच पाहिजे असेल तर. चांगला माणूस आहे, वेळ लावतो, पण —

हळू बोला जरा. बाबा आत जेवतायत. मधलं दार नुसतं लोटलेलं असतं. तुम्हाला त्यांच्याच हातची हवी, कळलं मला. सगळ्यांना त्यांच्याच हातची हवी असते. आणि का नको असावी? पंचवीस वर्षं हा माणूस टायटॅनियमच्या नळ्या जोडतोय, एक सांधा परत आला नाही. माझ्याबरोबर धातुशास्त्र शिकलेली अकरा जणं आहेत, त्यातली नऊ आज कॉम्प्युटरसमोर बसून कुणाच्या तरी कंपनीचे तक्ते रंगवतात, लाल-हिरवे, आणि मला विचारतात, तू अजून सायकलच्या दुकानात? चार वर्षं धातू शिकलात, एकदा तरी वितळताना बघितलात का, गाढवांनो. मी बघितलाय. माझ्या बापाच्या हाताखाली. प्राध्यापकांनी जे दोन महिन्यांत फळ्यावर सांगितलं ते बाबांनी मला सातवीत असताना एका दुपारी दाखवलं. एक तुकडा जोडला, म्हणाले, रंग बघ. टायटॅनियम तापलं की हवेला हपापतं. हवा लागू द्यायची नाही — बाहेरून आर्गॉन वायू, आणि नळीच्या आतूनही आर्गॉन. हवा लागली नाही तर सांधा चांदीसारखा येतो. थोडी लागली तर गव्हाळ. अजून लागली तर निळा, जांभळा. लोकांना तो निळा फार सुंदर वाटतो, मोरपिसासारखा, फोटो काढतात त्याचे. बाबा म्हणायचे, पोरी, चांदी असेल तर सांधा, निळा असेल तर भंगार. निळा म्हणजे आतून काचेसारखा ठिसूळ. वाकत नाही, सांगत नाही. एक दिवस तुटतो. त्यांनी स्वतःचे किती निळे तुकडे माझ्यासमोर कापून फेकलेत, कपाळावर आठी नाही. चूक झाली — काप — पुन्हा. मला वाटायचं जगात सगळे असेच काम करतात. कॉलेज संपल्यावर कळलं.

काय म्हणालात?

कुठं?

हां, तिथं. खालची नळी पुढच्या नळीला जुळते तिथं. नाही, काही नाही, पॉलिश आहे. ब्रशने घासतो आम्ही शेवटी, सगळेच घासतात, फिनिशिंग. बाकीच्या सांध्यांपेक्षा तिथं जास्त चकचकीत दिसतंय? उजेडामुळे असेल. खिडकी आहे ना त्या बाजूला. अंगठा काय फिरवताय त्यावरून — दातांचे डॉक्टर आहात म्हणून सगळीकडे किडलेलंच शोधायचं का?

एक मिनिट. ते दार लावून येते.

हे बघा, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही बाहेरचे आहात, मोजून तासभर ओळख, कदाचित म्हणूनच बोलतेय. आईला माहीत नाही. आईला वाटतं वयामुळे चिडचिडे झालेत. गेल्या वर्षभरात बाबा दिवे बदलतायत. आधी कामाच्या खोलीत दोन होते, आता सहा आहेत. म्हणतात, हल्ली दिवेच चांगले येत नाहीत. रस्त्याच्या पाट्या वाचत नाहीत, म्हणतात, पाट्याच मेल्या पुसट लिहितात. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, दोन्ही. तुम्हाला सांगायला नको, बुबुळामागची काच पिवळी पडते, आणि पिवळ्या काचेतून पहिला कुठला रंग दिसेनासा होतो? निळा. गव्हाळ आणि चांदी त्यांना सारखेच दिसतात. निळा त्यांना राखाडी दिसतो, चांदीची सावली असल्यासारखा. आणि आर्गॉन किती जातोय ते दाखवायला काचेच्या नळीत एक गोळी वर उचलली जाते, बोराएवढीही नाही — ती गोळीच दिसत नाही त्यांना. नळ हाताच्या सवयीने फिरवतात. बहुतेक वेळा सवय बरोबर असते. हात अजून तसाच आहे हो, रेघ बघा त्या सांध्याची, एकावर एक नाणी रचल्यासारखी. नुसता वायू कमी पडला.

ऑपरेशन? सांगितलं ना. एकदा सांगितलं. डोळ्यांना काही झालेलं नाही म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी आणखी एक दिवा आणला. त्यांना काय वाटतं माहितीये? एकदा डॉक्टरांनी लिहून दिलं की याला दिसत नाही, की मग मागच्या सगळ्या कामावर लोक बोट ठेवणार. अर्ध्या तासाचं ऑपरेशन, आणि हा माणूस त्याला बदनामी समजतो. असा राग येतो मला.

आणि मी काय केलं? तेच सांगतेय. आधी कधी ते मला विचारायचे नाहीत. सांधा झाला की स्वतः बघायचे, मान हलवायची, संपलं. गेल्या वर्षी एक दिवस वेल्डिंगची टॉर्च बाजूला ठेवली, तोंडावरचं हेल्मेट वर केलं आणि म्हणाले, “चांदी ना गं?”

मी बघितलं. निळा होता. अगदी मोरपिशी.

मी म्हटलं, “चांदी.”

मग ते चहा प्यायला आत गेले आणि मी तारेचा ब्रश घेऊन तो निळा घासून काढला. दोन मिनिटं लागतात, डॉक्टर. रंग फक्त वर असतो, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ. घासला की खालून पांढरी चकाकी येते, कुणाची छाती नाही ओळखायची. तुमची सोडून. ठिसूळपणा खाली तसाच राहतो, तो काही ब्रशने जात नाही. मी कॉलेजमध्ये निबंध लिहिला होता याच्यावर, बक्षीस मिळालं होतं. आणि ते तक्ते रंगवणारे माझे मित्र — त्यांना मी वर्षभर ढोंगी म्हणते. तोंडावर म्हणते. ते निदान हिरव्याला हिरवं म्हणतात.

भिंतीवरची ही दुसरी. पहिली गेली.

म्हणजे विकली गेली. बाबांनीच विकली, मी बँकेत गेले होते, परत आले तर खुंटी रिकामी. खालच्या गल्लीतले पोस्टमन, निवृत्त झालेत, आयुष्यभर सरकारी लोखंडी सायकल हाणली, म्हणाले आता एकदा चांगली घेतो. त्यांचं आणि बाबांचं तीस वर्षांचं, अरे-तुरेतलं. तुमच्यासारखीच मजेची सायकल. हळू चालवतात. मी स्वतःला तेच सांगते रोज, हळू चालवतात. रोज सकाळी सातला दुकानासमोरून जातात, घंटी वाजवतात, आणि मी शटर अर्धं उचलून बाहेर येते, काका थांबा, चेन बघते. चेनला काही झालेलं नसतं. मी खाली बसते आणि तो सांधा बघते, केसाएवढी भेग आलीय का. सात महिने. त्यांना वाटतं पोरगी मनापासून सेवा देते. गल्लीभर कौतुक करतात माझं. आणि तळ्याच्या अलीकडचा उतार काय हळू चालवणाऱ्याला वेगळा असतो का? तो सांधा गेला तर पुढचं चाक वेगळं आणि माणूस वेगळा.

बघू नका असं माझ्याकडे. म्हणून तर म्हटलं, हिरवी घ्या, दुसऱ्याकडे जा, घरी जा. तासभर तुम्हाला हाकलतेय, तुम्ही जाता का?

काय?

परत बोला.

तुम्ही ती तरीही घेणार. चालवणार नाही, दवाखान्यात भिंतीवर लावणार. बाबांना काही कळणार नाही, त्यांना वाईट वाटणार नाही, आणि इथून ती फ्रेम जाईल, कुणाला धोका नाही. छान. काय सुंदर माणूस आहात हो तुम्ही. आणि पुढच्या महिन्यात ते तिसरी जोडतील, हेल्मेट वर करतील आणि मला विचारतील, चांदी ना गं. मग ती कुठल्या दवाखान्यात लावायची? पेशंटची दाढ आतून सडलेली असली की तुम्ही काय करता — वर सोन्याची टोपी घालून देता, बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून? आरडाओरडा करेल तो, खुर्ची सोडून पळेल, तरी उघडताच ना? मग माझ्या बापाने काय घोडं मारलंय? तुम्ही दया दाखवताय त्यांना. तुम्ही. पंचवीस वर्षांत ज्यांचा एक सांधा परत आला नाही त्यांना.

आणि मीही तेच केलं. वर्षभर. ब्रश घेऊन. त्याला मी प्रेम म्हणत होते, लाज वाटली नाही मला.

ती फ्रेम काढा खुंटीवरून, द्या इकडे. द्या म्हटलं. सरका, हा वाइस आहे, फ्रेम आवळून धरायचा, कोट अडकेल तुमचा. धरा इथं — नको, मीच धरते. ही करवत नवीन ब्लेडची आहे. काय करतेय म्हणजे? कापतेय. सांध्यातूनच, मधोमध. नळीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो, लागतील चार-पाच मिनिटं, आवाज मात्र होईल. होऊ दे. आवाज व्हायलाच हवा.

कळलं नाही तुम्हाला? बाहेरचा रंग मी घासला. आतला नाही घासता येत. नळीच्या आत ब्रश जात नाही आणि आत वायू कमी पडला की सांध्याची आतली बाजू खरबरीत होते, करपलेल्या भांड्याच्या बुडासारखी. चांगला सांधा आतून गुळगुळीत असतो. त्याला डोळे लागत नाहीत. अंधारातसुद्धा कळतं, बोट लावलं की. आणि त्यांचं बोट — ते कागदाएवढा फरक सांगतं, अजून.

गेली बघा अर्धी. थांबा. थांबा जरा. ऐकलं? खुर्ची सरकवली. ताट तसंच ठेवून उठले असतील, करवतीचा आवाज ओळखतात ते, टायटॅनियमवरचा आणि स्टीलवरचा वेगळा असतो.

तुम्ही आता निघा, डॉक्टर. नाही, थांबून मला धीर वगैरे देऊ नका, धीराचा इथं काही उपयोग नाही. एक काम करा. खालच्या गल्लीत वळलात की डावीकडे निळं फाटक आहे, तिथं पोस्टमन काका राहतात. दुपारी घरीच असतात. त्यांना म्हणावं, दुकानात बोलावलंय, आत्ता, सायकल घेऊन. आणि चालवत येऊ नका म्हणावं. हातात धरून आणा. कारण विचारलं तर मी सांगेन म्हणावं. तेवढं सांगा, आणि परत येऊ नका आज. सायकलचं पुढच्या आठवड्यात बघू — किंवा नका बघू, तुमची मर्जी.

झाली. पडली बघा.

जा ना. ते दार उघडतायत. तुमच्यासमोर नको मला हे, आणि त्यांनाही नको. बाहेरून शटर अर्धं ओढा जाताना.

बाबा, इकडे या. नाही, गिऱ्हाईक गेलं. चष्मा राहू द्या तिथंच. दिवा पण नको. बोट द्या तुमचं. कडेला धार आहे, जपून. इथं. आत.